हँगिंगस्टोनखालचा आमचा डबा: एका लेटरबॉक्सचा प्रकरण अभ्यास

फेब्रुवारी २००८ मध्ये आम्ही तिघांनी इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या उत्तर भागात, हँगिंगस्टोन हिल आणि क्रॅनमियर पूल यांच्या मधल्या दलदलीत एक लेटरबॉक्स ठेवला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मी धाकट्या भावाला बरोबर घेऊन तो शोधायला परत गेले. सापडला, पण ठेवला तेव्हा तिथे कोरडी कपार होती आणि आता तिथे गुडघ्याच्या वर पाणी आहे. डबा का बुडाला, शोधायला एवढा वेळ का लागला, आणि सापडल्यावर आम्ही तो परत तिथे का ठेवला नाही, हे सगळं नीट लिहून ठेवतेय, कारण असे डबे ठेवणाऱ्या आणि शोधणाऱ्या कुणालाही यातलं बरंच कामाला येईल असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. लेटरबॉक्स म्हटलं की आपल्याला पोस्टाची लाल पेटी आठवते, हा तो नाही. रानात, दगडाखाली, कपारीत लपवलेला एक डबा असतो, आत एक वही आणि एक रबरी शिक्का. शोधणारा स्वतःची वही आणि स्वतःचा शिक्का घेऊन फिरतो. डबा मिळाला की त्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला त्यांच्या वहीत मारायचा, तारीख घालायची आणि डबा होता तसा लपवून निघायचं. बस एवढंच. पण याची सुरुवात जिथे झाली ती जागा म्हणजे हेच क्रॅनमियर. १८५४ मध्ये चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट नावाचा वाटाड्या लोकांना इथवर घेऊन यायचा, त्याने इथे एक बाटली ठेवली, पोचलेल्या माणसाने आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकायचं. नंतर लोक स्वतःच्या पत्त्याची पत्रं ठेवायला लागले, पुढे जो येईल त्याने ती उचलून पोस्टात टाकायची, म्हणून लेटरबॉक्स. १९०५ मध्ये तिथे वही आली, १९३७ मध्ये दगडी पेटी बांधली. दक्षिणेकडे डक्स पूल म्हणून दुसरी अशीच दलदलीतली जागा आहे, तिथे १९३८ मध्ये विल्यम क्रॉसिंग या डार्टमूरवर आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाच्या आठवणीसाठी पेटी ठेवली गेली. कितीतरी वर्षं सगळ्या डार्टमूरवर असे मोजकेच डबे होते, १९७० च्या दशकानंतर मात्र ही संख्या हजारांत गेली.

आणि क्रॅनमियर 'पूल' म्हणतात पण तळं नाही हो तिथे. पीटमधला, म्हणजे कुजक्या शेवाळाच्या काळ्या जमिनीतला, एक खोलगट ओलसर भाग आहे, पाणी कधीच वाहून गेलंय. त्याची गोष्ट सांगतात की ओकहॅम्प्टनचा एक जुना महापौर, बेंजी गिअर म्हणतात त्याला, मेल्यावर भूत होऊन लोकांना छळायला लागला, तेव्हा त्याला शिक्षा दिली की चाळणीने हे तळं उपसायचं. त्याला एक मेलेली मेंढी सापडली, त्याने तिचं कातडं चाळणीला आतून लावलं आणि तळं उपसून मोकळा झाला. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आपल्या चाळणीत पाणी भरण्याची आठवण झाली आणि परक्या मुलुखात एकदम घरच्यासारखं वाटलं होतं.

मी मूळची निफाडकडची. नांदूर मध्यमेश्वर आमच्यापासून जवळ, थंडीत बाबा आम्हाला पहाटे स्कूटरवरून पक्षी बघायला न्यायचे. गोदावरीवर बंधारा घातला म्हणून ती पाणथळ तयार झाली, आणि रामसर या जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेली महाराष्ट्रातली ती पहिली जागा, २०२० मध्ये ते जाहीर झालं. त्यामुळे २००७ मध्ये शिकायला प्लिमथला गेले तेव्हा पाणथळ जागेची ओढ होतीच. तिथल्या एका चालणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये सत्तरीतले एक गृहस्थ होते, मी आणि माझी वर्गमैत्रीण आपसात त्यांना आजोबाच म्हणायचो. त्यांनी आम्हाला नकाशा वाचायला शिकवलं, कंपास धरायला शिकवलं आणि एका रविवारी म्हणाले, तुमचा स्वतःचा एक डबा ठेवू या.

शिक्का मी केला होता. मोठं पांढरं खोडरबर घेऊन, ब्लेड आणि कर्कटकने कोरलेली टिटवी. तिकडची टिटवी वेगळी असते, डोक्यावर तुरा असलेली, मी मात्र आपली गोदाकाठची कोरली, चोचीशी लोंबणारी कातडी वगैरे सगळं. डबा झाकणाला चार बाजूंनी क्लिप असलेला निळा प्लास्टिकचा, त्यावर दोन जाड पिशव्या. आणि जागा आजोबांनी नाही, मी निवडली. हे मुद्दाम लिहितेय कारण सगळं प्रकरण या जागेपाशी येतं.

तिथली जमीन कशी असते ते डोळ्यापुढे आणा. सगळीकडे पीट, म्हणजे हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा काळा, लोण्यासारखा थर. तो वाढतो वर्षाला साधारण एक मिलिमीटर. मध्येमध्ये पाण्याने, जुन्या खोदकामाने, जाळपोळीने, चराईने तो फाटलेला असतो आणि मग उभे काळे कडे तयार होतात, माणसाएवढे उंच, वर गवताची टोपी आणि खाली कोरडा भुसभुशीत पोटभाग. अशाच एका कड्याच्या पोटात मला हात घालायला एक कपार मिळाली. आतून हात काढला तर बोटांना ओल नव्हती, नुसती काळी पावडर. मी म्हटलं याहून चांगली जागा मिळायची नाही. वर दीड मीटरचा थर होता, म्हणजे हिशोब केला तर साधारण दीड हजार वर्षांच्या शेवाळाखाली आम्ही तो डबा खोचला.

आजोबा तेव्हा एवढंच म्हणाले होते की बॉग, म्हणजे ही पीटची दलदल, कोरडी असणं हे काही बरं लक्षण नाही. मला तेव्हा ते नीट कळलं नाही.

ऑगस्ट २००९ मध्ये मी नाशिकला परत आले, मैत्रीण केरळला गेली, डबा आजोबांकडे सोपवला. दोन वर्षं ईमेल येत राहिले, मग कमी झाले, मग त्यांच्या मुलीचा आला की ते गेले. तेव्हा पोस्टाने काही पाठवायचं सुचलं नाही. डब्याचं पुढे काय झालं विचारायचंही सुचलं नाही, आणि नंतर वाटलं की आता विचारणं बरं दिसत नाही.

भाऊ आता इंग्लंडातच नोकरीला आहे. मी त्या सप्टेंबरात त्याच्याकडे गेले तेव्हा म्हटलं चल. पहिला दिवस फुकट गेला कारण हा सगळा भाग लष्कराच्या ओकहॅम्प्टन फायरिंग रेंजमध्ये येतो, गोळीबार असेल त्या दिवशी टेकड्यांवर लाल निशाणं लावतात आणि आत जायचं नाही म्हणजे नाही. त्या दिवशी बेलस्टोन गावाच्या आसपासच फिरलो. दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात रेंज मोकळी होती, निशाणंही नव्हती, मग सकाळी सातला बेलस्टोनहून टॉ नदीच्या कडेने निघालो, येऊन जाऊन सतरा अठरा किलोमीटर, त्यातलं अर्धं गवताच्या झुबक्यांवरून उड्या मारत. मोलिनिया म्हणतात त्या गवताला, एकेक झुबका ढोपराएवढा आणि मधल्या फटीत पाय गेला की घोटा मुरगळलाच.

माझ्या जुन्या वहीत सुगावा लिहिलेला होता. डार्टमूरचे सुगावे बहुतेक कंपासच्या अंशांत असतात, अमुक टेकडीचा माथा इतक्या अंशांवर, तमुक दगड इतक्या अंशांवर, तिथून इतकी पावलं. आमचा मुख्य आधार हँगिंगस्टोनचा माथा, डब्यापासून साधारण सातशे मीटर अंतरावर. मी कंपास लावला, अंश जुळवले, जुळले त्या ठिकाणी उभी राहिले आणि तिथे आमचा कडाच नव्हता. दुसरे कडे होते, पण आमचा नाही. आम्ही जवळजवळ पन्नास मिनिटं एकेका कडेला वाकून बघत होतो. वारा असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. भाऊ म्हणाला, "ताई, तुझी वही चुकली असेल." मला माहीत होतं वही चुकलेली नाही, ते अंश आजोबांनी तीनदा मोजून घेतले होते.

मग डोक्यात आलं. चुंबकीय उत्तर एका जागी राहत नाही. २००८ मध्ये त्या भागात कंपासची सुई खऱ्या उत्तरेच्या साधारण तीन अंश पश्चिमेला असायची, तेव्हापासून ती दर वर्षी थोडी थोडी पूर्वेकडे सरकतेय. इतकी की नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमध्ये खरी उत्तर, नकाशाची उत्तर आणि चुंबकीय उत्तर तिन्ही एका रेषेत आल्या, त्याच्या बातम्या पण झाल्या होत्या आणि मी वाचल्याही होत्या, पण आपल्या वहीला त्याचा संबंध लागेल हे डोक्यात आलं नव्हतं. सोळा वर्षांत फरक अडीच अंशांच्या आसपास. सातशे मीटरवर अडीच अंश म्हणजे तीस मीटर. सपाट मैदानात तीस मीटर म्हणजे काहीच नाही, पण पीटच्या कड्यांच्या चक्रव्यूहात तीस मीटर म्हणजे वेगळंच गाव. अडीच अंश वजा करून पुन्हा लावला, आणि आम्ही दक्षिणेकडे सरकत गेलो.

तर जे कोणी चुंबकीय अंशांवरचे जुने सुगावे घेऊन निघतात त्यांनी आधी सुगावा कोणत्या वर्षीचा आहे ते बघावं. आणि जे नवीन लिहितात त्यांनी सुगाव्याखाली वर्ष घालावंच, एवढी एक ओळ नसली तर पुढच्या पिढीतल्या माणसाचा अख्खा दिवस जातो.

कडा ओळखू आला तो त्याच्या वरच्या एका पांढरट दगडामुळे. पण खाली बघितलं तर कपार दिसेना. कड्याच्या पायथ्याशी काळं, स्थिर पाणी होतं, त्यावर हिरवं लालसर स्फॅग्नम शेवाळ पसरलेलं, आणि खालच्या बाजूला दहा एक पावलांवर पीटचाच आडवा बांध घातलेला. भाऊ थांबला आणि म्हणाला, "ताई, हा तर बंधाराच आहे." होताच तो बंधारा. साउथ वेस्ट पीटलँड पार्टनरशिप म्हणून एक काम तिथे चालू आहे, फाटलेल्या बॉगच्या घळींमध्ये असे पीटचे आणि लाकडाचे छोटे बांध घालतात, जमिनीवर कमी भार पडेल असे रुंद पट्ट्यांचे डिगर वापरून, आणि रेंज असल्यामुळे त्याआधी न फुटलेल्या तोफगोळ्यांसाठी जमीन तपासून घ्यावी लागते. पाणी वाहून न जाता थांबतं, शेवाळ परत येतं, आणि पीट पुन्हा वाढायला लागतो. शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीस पट पाणी धरून ठेवू शकतं, हातात पिळून बघितलं तर फडक्यातून निघावं तसं पाणी निघतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. भावाने बाही वर केली आणि हात पाण्यात घालायला निघाला, मी त्याला मागे ओढला. फायरिंग रेंजमधल्या गढूळ पाण्यात हात घालून चाचपायचं नसतं, तिथे धातूची कुठलीही वस्तू दिसली तर हात लावायचा नाही हा पहिला नियम. आम्ही कडेला आडवे झालो, वरचं पाणी निवळू दिलं, वीसेक मिनिटं नुसते बघत बसलो. मग उतरतं ऊन आत शिरलं आणि एका कोपऱ्यात निळं काहीतरी दिसलं, झाकणाची क्लिप. ती ओळखल्यावरच मी हात घातला, कोपरापर्यंत, पाणी इतकं गार की बोटं लगेच बधिर. डबा चिखलाने धरून ठेवला होता, हळूहळू हलवत हलवत सुटला, आणि सुटताना मोठा श्वास सोडावा तसा आवाज आला.

डब्यात पाणी होतंच. पिशव्या फाटल्या होत्या. वही फुगून विटेसारखी झालेली, पण पानं होती. घरी आणून भावाच्या स्वयंपाकघरात बटर पेपर घालत एकेक पान सोडवलं, त्याला चार दिवस लागले. शिक्के बहुतेक सगळे गेलेत, पाण्याने विरघळणारी शाई, पानापानावर गुलाबी आणि जांभळे ढग उरलेत. बॉलपेनने लिहिलेलं मात्र राहिलं. त्यात आजोबांचं अक्षर दर वर्षी दोनदा आहे, मार्चच्या आधी आणि ऑगस्टनंतर, कारण मधल्या काळात तिथे पक्ष्यांची घरटी असतात आणि ते त्या काळात बॉगमध्ये पाय टाकत नसत. "पिशवी बदलली." "वही कोरडी." "पिशवी बदलली, टिटवी छान आहे." त्यांच्या शेवटच्या नोंदीत लिहिलंय की कपारीत ओल यायला लागली आहे, डबा वर पांढऱ्या दगडापाशी हलवायला हवा, मुलींना विचारतो. ते विचारायचं राहिलं असणार. त्यानंतर अनोळखी लोकांच्या सात नोंदी आहेत, त्यातल्या तिघांनी लिहिलंय की डबा ओला आहे, पण कुणी हलवला नाही. हलवणार तरी कसे, दुसऱ्याच्या डब्याची जागा बदलायची नाही हा रिवाज आहे आणि बरोबर रिवाज आहे. पण मालकच सात हजार किलोमीटरवर असेल तर तो रिवाजच डब्याला बुडवतो. चूक माझी होती. देश सोडताना डबा कुणाला तरी पूर्णपणे, हलवायच्या आणि मोडायच्या अधिकारासकट देऊन जायला हवं होतं, नाहीतर उचलून न्यायला हवा होता. नुसतं "बघत राहा हं" म्हणून चालत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. तिथून चालत पंधरा वीस मिनिटांवर व्हाइटहॉर्स हिल आहे. तिथे पीटच्या एका उंचवट्यात एक दगडी पेटी होती, कांस्ययुगातली, साधारण ३७०० वर्षांपूर्वीची. पीट झिजत आणि वाळत चालला म्हणून तिची बाजू उघडी पडली, आणि आतलं सगळं नष्ट होण्याआधी २०११ मध्ये ती उकरली. आत जळलेल्या हाडांसोबत अस्वलाच्या कातड्याचं गाठोडं, विणलेली टोपली, दोनशेवर मणी, त्यात अंबरचे पण, आणि गाईच्या केसांच्या वेणीचा कथलाचे बारीक खिळे लावलेला पट्टा. केस, कातडं, विणकाम, असल्या गोष्टी एरवी जमिनीत फार टिकत नाहीत. ओल्या पीटमध्ये हवा पोचत नाही म्हणून टिकल्या. म्हणजे त्या डोंगरावर कोरडेपणा नाश करतो आणि पाणी राखतं. मी २००८ मध्ये बरोबर उलटं समजून बसले होते. मला मिळालेली ती छान कोरडी कपार म्हणजे बॉगची जखम होती, आणि आम्ही आमचा डबा त्या जखमेत खोचला होता.

म्हणून पाण्यात डबा दिसला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं आणि मग काठावर बसल्या बसल्या खूप आनंद झाला, हे भावाला समजावून सांगताना मला रडू आलं. आजोबांना जे बरं लक्षण वाटलं असतं ते समोर होतं. कड्याच्या पायथ्याशी कापूसगवत उगवलेलं, पाण्यावर चतुर फिरत होते.

डबा परत ठेवायचा का यावर आम्ही तिथेच बोललो. भावाचं म्हणणं पांढऱ्या दगडापाशी ठेवू, आजोबांनी लिहिलंच आहे. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण तिथे डबा ठेवला म्हणजे लोक तिथवर येणार, कड्यावर चढणार, नुकतं धरलेलं शेवाळ तुडवणार, बांधावरून चालणार. डार्टमूरच्या डबेवाल्यांची आचारसंहिता आहे, प्राचीन अवशेषांमध्ये ठेवू नका, धोकादायक जागी ठेवू नका, सिमेंट वापरू नका. माझ्या मते त्यात बरी होत असलेली बॉग पण धरावी. शिवाय मी पुन्हा नाशिकला जाणार, भाऊ तीन तासांच्या ड्राइव्हवर, दर सहा महिन्यांनी पिशवी कोण बदलणार? नाही ठेवला. डबा, फाटक्या पिशव्या, वही सगळं पाठीवर घेतलं, जागा होती तशी सोडली.

आणि क्रॅनमियरला गेलो. दगडी पेटी तशीच आहे. आतली वही कोरडी होती, आदल्या दिवशीचीच कुणाची तरी नोंद. मी डब्यातली खोडरबराची टिटवी शर्टाला पुसली, पॅडवर दाबली आणि भावाच्या हातात दिली. त्याने मारली. पायाचं एक बोट तुटलंय, बाकी सगळी टिटवी स्वच्छ उमटली, चोचीजवळची कातडीसुद्धा. खाली त्याने स्वतःचं नाव लिहिलं, शिक्का आता त्याचा आहे. मी आईच्या नावाचं, नाशिकच्या पत्त्याचं एक पोस्टकार्ड तिकीट लावून पेटीत ठेवलं, जुन्या पद्धतीप्रमाणे.

कार्ड दिवाळीच्या आधी घरी पोचलं. आईने फोटो पाठवला. माझ्या मजकुराखाली कुणीतरी पेन्सिलीने दोन ओळी जोडल्यात की पाऊस फार होता, कार्ड टोपीत ठेवून खाली आणलं. आजोबांच्या मुलीला वहीच्या सोडवलेल्या पानांचे स्कॅन मी त्याच आठवड्यात पाठवले, मूळ वही भावाकडे आहे, ती पुढच्या महिन्यात तिला नेऊन देणार आहे.